इथे 'मामा' म्हणजे आई

मोशी, टांझानिया

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

जानेवारीचं तिकीट झालं हे कळलं. फोनवर तुमचे निम्मे प्रश्न खरखरीत बुडतात, म्हणून सगळं एकदाच लिहून पाठवतेय. कागदावर असलं की बाबा चार वेळा वाचतील आणि आई तो कपाटात साडीखाली जपून ठेवेल.

आधी नाती, कारण विमानतळाबाहेर पाऊल टाकलं की तिथूनच गंमत सुरू. आई, रस्त्यात कुणी 'मामा' अशी हाक मारली तर मागे वळून पुरुषमाणूस शोधू नकोस, ती हाक तुलाच. स्वाहिलीत मामा म्हणजे आई. दादा म्हणजे बहीण आणि काका म्हणजे भाऊ. त्यामुळे बाजारात टमाटे विकणारी पोरगी मला 'दादा' म्हणते आणि तरणी पोरं एकमेकांना 'काका'. बाबा म्हणजे मात्र बाबाच. आजीला बिबी म्हणतात आणि आजोबांना बाबू. बाबा, तुमचे पांढरे केस बघून कुणी 'बाबू' म्हटलं तर आपल्याला कारकुनात काढलं असं समजू नका. 'म्झे' म्हटलं तर आणखी छान, तो वडीलधाऱ्याला मान देणारा शब्द आहे. आईच्या भावाला 'म्जोंबा'. वडिलांचा थोरला भाऊ 'बाबा म्कुब्वा', म्हणजे शब्दशः मोठे बाबा, आणि आईची धाकटी बहीण 'मामा म्डोगो', लहान आई. आपल्याकडचे मोठे बाबा आणि मोठी आई आठवा. बाईला तिच्या लेकराच्या नावाने ओळखतात, म्हणून इथल्या शेजारात आईचं नाव 'मामा वैशाली' पडणार हे आताच सांगून ठेवते.

ओळखीचे शब्द पुष्कळ भेटतील. पेसा म्हणजे पैसा, साबुनी म्हणजे साबण, दुका म्हणजे दुकान, हेसाबु म्हणजे हिशेब, तयारी म्हणजे तयार, लाकी म्हणजे लाख. अरब आणि हिंदी व्यापाऱ्यांबरोबर हे शब्द समुद्रावरून आले. माणूस अनोळखी शब्दापाशी सावध असतो, ओळखीच्या शब्दापाशीच घसरतो. उदाहरणार्थ 'पोले', जो ऐकायला आपल्या 'सॉरी'सारखा वाटतो. तुम्हाला ठेच लागली की आजूबाजूचे चारजण 'पोले' म्हणतील. ती माफी नव्हे, 'अरेरे, लागलं का' असा जीव लावणारा शब्द आहे. चूक त्यांची नसतानाही म्हणतात. काम करणाऱ्याला 'पोले ना काझी', प्रवासातून आलेल्याला 'पोले ना सफारी'. आपला धक्का कुणाला लागला तर मात्र 'सामाहानी' म्हणायचं. तिथे नुसतं 'पोले' म्हटलं तर धक्का देऊन वर कीव केल्यासारखं होतं.

आता नमस्कार. वयाने मोठ्या माणसाला लहानाने 'शिकामू' म्हणायचं, मोठ्याने उत्तर द्यायचं 'माराहाबा'. शिकामूचा मूळ अर्थ 'तुमचे पाय धरते'. म्हणजे आपलं पाया पडणंच, फक्त वाकायचं नाही, तोंडाने म्हणायचं. शाळेची पोरं तुम्हाला बघून ओळीने शिकामू म्हणतील. दरवेळी माराहाबा म्हणा, 'हॅलो' म्हणू नका. लेकराने पाया पडावं आणि आपण आशीर्वाद न देता पुढे जावं, तसं ते दिसतं. तुमच्याहून थोराड कुणी दिसलं तर शिकामू आधी तुम्ही म्हणायचं. त्यानंतर 'हाबारी', म्हणजे खबर: घरची खबर, सकाळची खबर, कामाची खबर. सगळ्याला उत्तर एकच, 'न्झुरी', चांगली. गुडघे दुखत असले तरी न्झुरी. दुखणं नंतर सांगायचं. दुकानात शिरल्या शिरल्या 'साखर द्या' म्हणणं इथे उद्धटपणा आहे. आधी खबर, मग साखर. मागतानाही 'नाताका' (मला पाहिजे) टाळा आणि 'नाओंबा' (विनंती करते) म्हणा. फोटो काढायच्या आधी 'नाओंबा पिचा', आणि मान हलली नाही तर कॅमेरा खिशात. कुणाच्या दाराशी गेलात तर बाहेरूनच 'होडी' म्हणायचं, आतून 'करीबू' आलं की मगच उंबरा ओलांडायचा. तीनदा होडी म्हणून उत्तर नाही आलं तर परत फिरायचं. खिडकीतून डोकावणं वाईट दिसतं.

घड्याळाचं प्रकरण बाबांनी नीट वाचावं. भारताच्या आणि इथल्या वेळेत अडीच तासांचा फरक आहे, तो फोन आपोआप सांभाळतो. खरा घोटाळा बोलण्यात होतो. इथे दिवस उजाडल्यापासून तास मोजतात. विषुववृत्त जवळ असल्याने सूर्य वर्षभर साधारण सहा-साडेसहालाच उगवतो, म्हणून ही मोजणी जमते. सकाळचे सात म्हणजे 'सा मोजा', एक वाजला. आठ म्हणजे 'सा म्बिली', दोन वाजले. रात्रीचे आठसुद्धा सा म्बिली, फक्त पुढे 'उसिकू' जोडतात. सोपी युक्ती अशी की काट्याच्या घड्याळात तास काटा जिथे असेल त्याच्या बरोबर समोरचा आकडा वाचायचा. गाडी 'सा कुमी ना म्बिली असुबुही' म्हणजे सकाळी बाराला असं कुणी म्हणालं, तर ती पहाटे सहाला निघते. दुपारी बाराला स्टँडवर गेलात तर टायरच्या खुणा दिसतील. हातातल्या घड्याळावर बोट ठेवून विचारा, ती पद्धत चुकत नाही.

वारही तसेच. शनिवार 'जुमामोसी', म्हणजे पहिला. रविवार दुसरा, सोमवार तिसरा, मंगळवार चौथा, बुधवार 'जुमाटानो' म्हणजे पाचवा. मग गुरुवार येतो 'अल्हामिसी', आणि अरबीत त्याचाही अर्थ पाचवाच. एका आठवड्यात दोन पाचवे. सोमवारला 'तिसरा' म्हणतात एवढं जरी लक्षात राहिलं तरी पुरे.

आईची खरी काळजी जेवणाची. न्यामा म्हणजे मांस, पण तू 'सिली न्यामा', मी मांस खात नाही, एवढंच म्हणालीस तर ताटात कोंबडी येईल. कारण न्यामा म्हटलं की डोळ्यांपुढे गाय-बकरी येते, कोंबडी (कुकु) आणि मासा (सामाकी) वेगळे मोजतात. तिन्ही नावं घ्यायची: सिली न्यामा, सिली कुकु, सिली सामाकी. वर रस्सा कशाचा आहे तेही विचारायचं, आणि पालेभाजीत 'डागा' म्हणजे सुकट टाकलीय का तेही. निर्धास्त खावं असं म्हणजे माहारागे (राजम्यासारखं कडधान्य), म्चिचा (आपल्या माठाच्या घराण्यातली पालेभाजी, कधी शेंगदाण्याच्या कुटात शिजवतात, ती तुला नक्की आवडेल), चपाती आणि उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा). चहा 'चाय या माझीवा' म्हणजे दुधाचा, 'चाय या रांगी' म्हणजे कोरा. बाबांसाठी 'बिला सुकारी', साखरेवाचून. न सांगितलं तर पाक मिळतो.

उगाली तू घरीच करून बघ, म्हणजे इथे नवं वाटणार नाही. चौघांना एक लिटर पाणी आणि चार-साडेचारशे ग्रॅम पांढऱ्या मक्याचं पीठ. मक्याला 'माहिंदी' म्हणतात आणि आपल्यासारख्या माणसाला 'म्हिंदी', हेही ऐकून ठेव. सगळं पीठ उकळत्या पाण्यात टाकलं की गुठळ्या झाल्याच. म्हणून चार चमचे पीठ आधी गार पाण्यात कालवून ते उकळत्या पाण्यात ओतायचं, पातळ पेज होऊ द्यायची, मग मुठीमुठीने उरलेलं पीठ घालत लाकडी चपट्या पळीने भांड्याच्या कडेला दाबत घोटायचं. बडगीत भरीत कुटताना जोर लागतो तेवढा लागतो. मोदकाच्या उकडीहून घट्ट झालं की आच मंद करून आणखी पाचेक मिनिटं दाबत राहायचं. इथे घाई केली की कच्च्या पिठाचा वास राहतो. मीठ घालत नाहीत. जेवणाआधी यजमानीण तांब्याने हातावर पाणी घालेल, खाली परात असेल. हात त्यातच धुवायचे, उठून नळ शोधायचा नाही. उजव्या हाताने गोळा तोडून अंगठ्याने खळगा करायचा आणि त्यात भाजी उचलायची. भाकरीचा तुकडा मोडणाऱ्या हाताला हे दोन दिवसांत जमतं. डावा हात देण्याघेण्यातही टाळतात, ते तुम्हाला सांगायला नको.

कपड्यांत 'कांगा' घेण्यासारखी. साधारण दीड मीटर लांब आणि मीटरभराहून थोडी रुंद, जोडीनेच विकतात. मधून कापून कडा आपण शिवून घ्यायच्या. चारी बाजूंनी काठ आणि खालच्या अंगाला एक ओळ छापलेली. ती ओळ वाचून घेतल्याशिवाय कुणाला कांगा द्यायची नाही. काहींवर देवाचं नाव असतं, काहींवर माया, आणि काहींवर शेजारणीला मारलेला टोमणा. भाऊबंदकीत हे एक बरं हत्यार आहे, पण आत्याला देताना मला आधी दाखव.

बाबा, आता तुमचा विषय. किलिमांजारोच्या उतारावर चाग्गा लोकांच्या घराभोवतीच्या बागेला 'किहांबा' म्हणतात. वर सावलीची झाडं, मध्ये केळी, खाली कॉफी, त्याखाली कंद आणि पाला. गोठ्यातल्या गाईला केळीची पानं आणि खोड चिरून घालतात, तिचं शेण परत केळीला. डोंगरावरून चारी काढून पाणी आणतात, तिला 'म्फोंगो' म्हणतात. शिम्ब्वे जू गावची किहांबा संयुक्त राष्ट्रसंघाच्या अन्न व शेती संघटनेच्या जागतिक शेतीवारशाच्या यादीत आहे. तुम्ही आपल्या केळीच्या मृगबाग (पावसाळी लागवड), कांदेबाग (पावसाळ्यानंतरची लागवड), टिश्यूकल्चरची रोपं, पाच बाय पाच फुटांवर लागण आणि ठिबक या हिशेबाने बघाल तर हे सगळं अडाणी वाटेल. तसं बोलू मात्र नका. इथे बेटातलं एक खोड घडाचं, एक वाढीचं, एक पील (बुंध्यातून फुटलेलं पिल्लू) अशा तीन पिढ्या ठेवतात आणि तेच बेट वर्षानुवर्षं चालवतात. गाडी भरून दिल्लीला पाठवायचा माल नाही हा. घराला बारा महिने घड मिळाला पाहिजे हा हिशेब आहे. तोडलेल्या घडाचं खोड तसंच उभं ठेवलं तर सोंडकिडा माजतो, हे दुखणं दोन्हीकडे सारखं. 'म्शारे' ही शिजवायची जात, पिकवून खाल तर निराशा. तिची 'माचालारी' करतात, बहुतेक मांस घालून, म्हणून तुमच्यासाठी वेगळं सांगावं लागेल. सोलताना हाताला आणि चाकूला तेल लावून केळी पाण्यात टाकायची, वेफर्सला आई करते तेच. पिकल्या केळीची आणि नाचणीच्या मोडाची 'म्बेगे' नावाची दारू समारंभात फिरते. 'सितुमी पोंबे' म्हटलं की कुणी आग्रह करत नाही.

शेताला बांध नाही, 'इसाले' नावाच्या झुडपाची कड असते. रागावलेल्या माणसाकडे त्याचं पान घेऊन गेलं की ती माफीची मागणी, आणि ती नाकारणं फार जड जातं. तेव्हा येता-जाता त्या कुंपणाचं पान तोडायचं नाही. आपल्याकडच्या बांधांवर असं काही उगवलं असतं तर तहसील कचेरीतली गर्दी निम्मी झाली असती.

आणताना: 1 जून 2019 पासून इथे प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, विमानतळावरच काढून घेतात. शेव, कुरडया, कळण्याचं पीठ कापडी पिशवीत किंवा डब्यात बांधा. विमान आदिस अबाबावरून येत असेल तर परत जाताना भारतात पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला मागू शकतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत अलग ठेवतात. दाखला लस घेतल्यानंतर 10 दिवसांनी लागू होतो. पण साठीनंतर पहिल्यांदा ही लस घेण्यात धोका थोडा जास्त असतो, म्हणून आधी डॉक्टरांना विचारा, मग वाट बदलायची का ते ठरवू.

आणि बाबा, म्शारेचं पील बॅगेत घालून न्यायचा विचार मनात आलाच असेल. मर रोगाची बुरशी कंदातून आणि त्याला चिकटलेल्या मातीतून जाते आणि जमिनीत वर्षानुवर्षं टिकते. परवान्याशिवाय लागवडीचा कंद नेता येत नाही. बुटाला लागलेली किहांब्याची मातीसुद्धा निघण्याआधी धुवून टाकू.

तुमची,
वैशाली