गृहमंत्री साहेब, तुमच्या शब्दाचा बॅकअप कुठे आहे?

मा. गृहमंत्री साहेब,
स. न. वि. वि.

परवाचं तुमचं भाषण मी पूर्ण ऐकलं, म्हणजे मध्ये दोनदा बंद केलं पण परत लावलं. चेहरा ओळखणारे कॅमेरे, नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे, फोनची लोकेशन, प्रवासाची बुकिंगं, हे सगळं जोडून एका स्क्रीनवर आणणार असं तुम्ही म्हणालात, टाळ्या पडल्या, आणि मग ते वाक्य आलंच. ज्याने काही चुकीचं केलेलं नाही त्याला घाबरायचं कारण काय? आणि शेवटी, सरकारवर विश्वास ठेवा.

साहेब, मी बावीस वर्षं डेटाबेस सांभाळायचं काम करतोय. लोकांना कॅमेऱ्याची भीती वाटते, मला तेवढी नाही वाटत. कॅमेरा बिचारा खांबावर टांगलेला असतो, निदान दिसतो तरी. मला भीती वाटते ती त्याच्या मागे कुठेतरी थंड खोलीत चालू असलेल्या टेबलची, म्हणजे डेटाबेसमधल्या तक्त्याची, जिथे माझ्या नावाची एक ओळ तयार होते, अमुक वाजता अमुक ठिकाणी, आणि ती ओळ नंतर कोण वाचणार, किती वर्षं राहणार, कुठल्या दुसऱ्या टेबलला जोडली जाणार, हे मला कधीच कळणार नाही. तुमच्या भाषणात कॅमेऱ्यांचा आकडा होता, रिझोल्यूशन होतं, ते 'एआय' तर चार वेळा होतं. ती ओळ डिलीट कधी होणार हे एकदाही नव्हतं.

आता विश्वासाचं बोलू. तुम्हाला वाटतं लोक विश्वास ठेवत नाहीत कारण त्यांना टेक्नॉलॉजी कळत नाही, कोणीतरी अफवा पसरवतं वगैरे. मला उलटं वाटतं, लोकांना लक्षात राहतं म्हणून ते विश्वास ठेवत नाहीत.

सिंगापूरचं उदाहरण घ्या. मुद्दाम हेच घेतोय कारण तिथे लोकांचा सरकारवर बऱ्यापैकी विश्वास आहे आणि तिथला मंत्री खोटं बोलला असंही मला म्हणायचं नाही. कोविडच्या काळात, मार्च 2020 मध्ये, त्यांनी ट्रेसटुगेदर नावाचं ॲप आणलं. कोण कोणाच्या जवळ होतं याची ब्लूटूथवरून नोंद ठेवायची, कोणी पॉझिटिव्ह निघालं तर संपर्कातल्यांना कळवायचं. लोक बिचकत होते, तेव्हा मंत्री विवियन बालकृष्णन यांनी जूनमध्ये जाहीरपणे सांगितलं की हा डेटा फक्त संपर्क शोधायला वापरला जाईल, बाकी कशाला नाही. लोकांनी ऐकलं, बहुतेकांनी ॲप तरी घेतलं नाहीतर सरकारने दिलेलं तेच काम करणारं छोटं यंत्र, टोकन, तरी खिशात ठेवला. आणि जानेवारी 2021 मध्ये संसदेत एका प्रश्नाच्या उत्तरात सरकारने सांगितलं की फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याखाली पोलीस हा डेटा मागू शकतात, आणि एका खुनाच्या तपासात मागितलाही होता. बालकृष्णन यांना मान्य करावं लागलं की आधी बोलताना तो कायदा त्यांच्या डोक्यातच नव्हता.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा चिडलो नाही, खरंतर मला त्या माणसाची दया आली. शब्द दिला तो मनापासूनच दिला असणार, पण शब्द देताना कपाटात आधीपासून दुसरा कायदा पडलेला होता आणि तो त्या शब्दापेक्षा मोठा निघाला. मग घाईघाईने फेब्रुवारीत नवीन कायदा केला, डेटा फक्त सात प्रकारच्या गंभीर गुन्ह्यांसाठीच वापरता येईल असा. म्हणजे जे आधी करायचं ते शेवटी केलं, लोकांचा विश्वास तुटल्यावर. तुम्ही परवा जो शब्द दिलात ना, 'हे फक्त गंभीर गुन्हेगारांसाठी', तो कुठल्या कलमात लिहिलाय? तुमच्या कपाटात कुठले जुने कायदे पडलेत ते कोणी तपासलंय का? आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे, ज्याचा बॅकअप नाही ते नाहीच असं समजायचं. तुमच्या शब्दाचा बॅकअप म्हणजे कायदा, आणि तो मला कुठे सापडला नाही.

हे झालं सच्च्या माणसाचं. दुसरीकडे मार्च 2013 मध्ये अमेरिकेचे गुप्तचर प्रमुख जेम्स क्लॅपर यांना सिनेटच्या कमिटीत सरळ विचारलं होतं की एनएसए ही तुमची गुप्तचर संस्था लाखो-कोट्यवधी अमेरिकनांचा काही डेटा गोळा करते का, तर उत्तर आलं नाही, जाणूनबुजून तर नाहीच. तीन महिन्यांनी एनएसएसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेनने कागद बाहेर काढले आणि पहिलाच कागद निघाला तो एका टेलिफोन कंपनीने सगळ्या ग्राहकांच्या कॉलचे रेकॉर्ड रोजच्या रोज द्यावेत अशा गुप्त कोर्टाच्या आदेशाचा. बरं एवढं करून मिळालं काय? सरकारनेच नेमलेल्या देखरेख मंडळाने जानेवारी 2014 मध्ये अहवाल दिला की कॉल रेकॉर्डच्या या कार्यक्रमामुळे दहशतवादाच्या तपासाच्या निकालात ठोस फरक पडला असं देशाला धोका असलेलं एकही प्रकरण त्यांना सापडलं नाही. एकही. तुम्ही म्हणता सुरक्षेसाठी थोडं स्वातंत्र्य द्यावं लागतं. ठीक आहे, पण दुकानदारसुद्धा पैसे घेतल्यावर माल देतो हो.

आणि ते स्क्रीनसमोर बसणारे लोक. तुमच्या भाषणात ते फार कर्तव्यदक्ष होते. असतील, बरेचसे असतातच. पण मी अशा खोल्यांमध्ये बसलोय साहेब. एका ठिकाणी (नाव नको) आम्ही लॉग, म्हणजे कोणी कधी काय उघडलं याच्या नोंदी, तपासले तर अकरा माणसं एकाच लॉगिनने काम करत होती, पासवर्ड मॉनिटरच्या खाली चिकटवलेला, आणि संध्याकाळी उशिरा कोणीतरी नेमाने सहकाऱ्यांचे पगार आणि रजा उघडून बघत होतं. कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही कारण अकरा जण एकच होते ना. तिथे निदान पगारच होते. अमेरिकेच्या एनएसएच्या महानिरीक्षकांनी 2013 मध्ये एका सिनेटरला जे लेखी कळवलं त्यात असा एक कर्मचारी आहे ज्याने 2005 मध्ये सिस्टीमचा ॲक्सेस मिळाला त्या पहिल्याच दिवशी आपल्या आधीच्या मैत्रिणीचे सहा ईमेल पत्ते शोधून बघितले. विचारल्यावर म्हणाला, सराव करत होतो. पहिल्याच दिवशी! हसू येतं आणि मग येत नाही. ती बाई काही चुकीचं करत नव्हती, तुमच्या वाक्याप्रमाणे तिला घाबरायचं काहीच कारण नव्हतं.

तुमचे अधिकारी म्हणाले की सिस्टीम 99.9 टक्के अचूक आहे. मानलं, घटकाभर पूर्ण खरं मानलं. आता हिशोब करू. समजा एका मोठ्या स्टेशनवर दिवसाला 5 लाख चेहरे कॅमेऱ्यासमोरून जातात, हजारात एक चुकला तर दिवसाला 500 माणसं चुकीची अडकतात. त्या 5 लाखांत खरे फरारी 10 असले, आणि ते दहाच्या दहा पकडले असंही मानलं, तरी 510 अलर्टमधले 500 निरपराध. म्हणजे शिपाई ज्याच्या खांद्यावर हात टाकेल तो जवळजवळ दर वेळी चुकीचाच माणूस असेल. अशी एक चूक डेट्रॉइटमध्ये जानेवारी 2020 मध्ये झाली, घड्याळं चोरल्याच्या संशयावरून एका माणसाला त्याच्या घराच्या अंगणात, बायको आणि छोट्या मुलींसमोर बेड्या घातल्या, तीसेक तास कोठडीत ठेवलं, आणि नंतर कळलं की सॉफ्टवेअरने जुळवलेला चेहरा त्याचा नव्हताच. अधिकाऱ्याला संशय यायला हवा होता, पण कॉम्प्युटरने सांगितलं म्हटल्यावर माणूस डोकं बाजूला ठेवतो, हे मी रोज बघतो, माझंही होतं.

मी पोलिसांच्या विरोधात नाही, हे लिहावं लागतंय याचंच वाईट वाटतं. हरवलेलं लेकरू कॅमेऱ्यामुळे सापडलं तर मला आनंदच आहे. एखाद्यावर संशय आहे, कोर्टातून परवानगी घ्या, त्याच्या मागावर राहा, फोन ऐका, कोण नाही म्हणतंय? माझी तक्रार उलट्या क्रमाची आहे, आधी सगळ्यांची नोंद करून ठेवायची आणि संशय नंतर निवांत शोधायचा. ब्रिटनमध्ये साऊथ वेल्स पोलिसांच्या चेहरा ओळखणाऱ्या गाड्यांवर केस झाली होती, ऑगस्ट 2020 मध्ये अपील कोर्टाने तो वापर बेकायदा ठरवला. त्यातला मुद्दा फार साधा होता, कॅमेऱ्याने शोधायच्या लोकांच्या यादीत कोणाचं नाव टाकायचं आणि गाडी कुठे उभी करायची हे जवळजवळ सगळं त्या त्या पोलिसाच्या मर्जीवर सोडलेलं होतं. साहेब, हेच दोन प्रश्न मी तुमच्या योजनेला विचारतो. यादीत कोण? आणि गाडी मोर्च्याच्या दिवशी मोर्च्याच्या रस्त्यावर उभी राहणार का?

कारण मोर्च्याला जाणारा माणूस आता दोनदा विचार करतो. मी स्वतः केला. मागे एका शांततेच्या सभेला जायचं होतं, काही बेकायदा नाही, परवानगी घेतलेली सभा, आणि मी घरून निघताना फोन टेबलावर ठेवला. मग वाटलं, फोन घरी आणि माणूस बाहेर हेच उद्या संशयास्पद दिसेल, म्हणून परत उचलला. मग गेलोच नाही. मला कोणी अडवलं नाही, कोणी धमकी दिली नाही, तुमच्या रेकॉर्डवर तर काहीच घडलं नाही. पण एक माणूस कमी झाला ना सभेतला.

तुम्ही म्हणाल आमचं सरकार तसं नाही. नसेल. नेदरलँड्समध्ये महायुद्धाच्या आधी लोकसंख्येची फार व्यवस्थित रजिस्टरं होती, प्रत्येकाचं कार्ड, त्यावर धर्मसुद्धा. ज्यांनी ती केली ते काही राक्षस नव्हते, नेटके कारकून होते, माझ्यासारखेच. 1940 मध्ये जर्मन आले आणि त्यांना यादी करायला फार कष्ट पडले नाहीत. सुमारे 1 लाख 40 हजार ज्यूंपैकी 1 लाखाहून जास्त मारले गेले, पश्चिम युरोपात एवढं प्रमाण दुसरीकडे नव्हतं. त्याला बाकीही कारणं होती, पण रजिस्टर हे त्यातलं एक. 27 मार्च 1943 ला काही लोक पोलिसांचे कपडे घालून ॲमस्टरडॅमच्या नोंदणी कचेरीत घुसले आणि त्यांनी स्फोटकं लावली. आग विझवायला आलेल्या बंबवाल्यांनी मुद्दाम वेळ काढला, आणि मग कार्डं भिजून खराब व्हावीत म्हणून पाणी जरा जास्तच मारलं. तरी बरीचशी कार्डं वाचलीच. मी ही गोष्ट माझ्या टीममधल्या प्रत्येक नवीन पोराला सांगतो, डिलीटची सोय आधी केली नाही की नंतर बॉम्ब लावावा लागतो आणि तोसुद्धा पुरत नाही.

तर मला काय हवंय? विश्वास मागू नका, तो मागून मिळत नाही. कॅमेरे चालू करायच्या आधी कायदा आणा, संसदेत चर्चा होऊन, त्यात लिहा की कुठल्या गुन्ह्यांसाठी, आणि त्यातच लिहा की बाकी कुठलाही जुना कायदा वापरून हा डेटा मागता येणार नाही. ज्याच्यावर संशय नाही त्याची ओळ ठरलेल्या दिवसांत आपोआप पुसली जाऊ दे, कोणाच्या सहीची वाट न बघता, कारण सहीची वाट बघणाऱ्या फायली आम्ही सगळ्यांनी बघितल्यात. माणसाचं रेकॉर्ड उघडायला कोर्टाची परवानगी, आणि तपास संपला की त्या माणसाला कळवायचं की बाबा रे तुझं रेकॉर्ड आम्ही उघडलं होतं. आणि लॉग. कोणी, कधी, कोणाचं नाव टाइप केलं, हे लॉग तुमच्या खात्याकडे नकोत, तुमच्या हाताखाली नसलेल्या माणसाकडे हवेत, त्याने दर वर्षी ते लोकांसमोर ठेवावेत. लोकांचं सगळं बघायची तुमची तयारी आहे तर आम्ही तुमचा एवढा लॉग बघितला तर बिघडलं कुठे, काही चुकीचं केलं नसेल तर घाबरायचं कारण काय?

निवडणुका येतात जातात, तुम्हीही कधीतरी विरोधी बाकांवर बसाल. त्या दिवशी ही स्क्रीन दुसऱ्या कोणाच्या टेबलावर असेल, आणि तुम्ही कोणाला भेटता, रात्री गाडी कुठे थांबते, हे ज्याला तुम्ही आयुष्यभर शिव्या दिल्यात तो चहा पीत बघत असेल. त्याच्या हातात द्यायला चालेल एवढीच सत्ता आज स्वतःला घ्या.

उत्तराची वाट बघतोय. पीएकडून 'आपले पत्र मिळाले' असं नको, ते दोनदा आलंय.

आपला,
एक डेटाबेसवाला

ता. क. : मोठं पत्र वाचायला वेळ नसेल तर एकाच प्रश्नाचं उत्तर द्या. आज सकाळी मी कामाला जाताना तुमच्या कॅमेऱ्यासमोरून गेलो, ती ओळ कुठल्या तारखेला पुसली जाणार आहे?