दुरुस्तीही बातमीइतकीच ठळक हवी

महोदय,

३० मे २०२४ रोजी नागपुरात ५६ अंश तापमानाची बातमी देशभर झळकली. स्वयंचलित हवामान केंद्राचा सेन्सर बिघडला होता, हा हवामान खात्याचा खुलासा मात्र तेवढा पोचला नाही. तापमान छापताना केंद्राचे नाव, वेळ आणि नोंद वेधशाळेतली की स्वयंचलित यंत्राची, हे द्यावेच. शेजारच्या केंद्रापेक्षा आकडा दहा अंशांनी जास्त दिसला, तर छापण्याआधी हवामान खात्याच्या नागपुरातील सोनेगाव वेधशाळेत विचारावे.

चूक झालीच, तर दुरुस्ती त्याच पानावर, त्याच टायपात छापावी. संकेतस्थळावरची बातमी गुपचूप बदलणे तर फारच वाईट! जुना आकडा, नवा आकडा आणि बदलाची वेळ वरच लिहावी. मथळाही दुरुस्त करावा. व्हॉट्सॲपवर बहुतेक जण तेवढाच वाचतात.

– एक वाचक, धरमपेठ, नागपूर