विकतच्या सबस्क्राइबरवर चॅनेल चालत नाही

महोदय,

‘पंधरा दिवसांत १००० सबस्क्राइबर, हमखास’ असे मेसेज व्हॉट्सअॅप ग्रुपवर सर्रास फिरतात आणि शेती, स्वयंपाक, शिकवणीचे चॅनेल नव्याने काढलेली मराठी मंडळी त्यांना पैसे देऊन बसतात. हे थांबावे म्हणून हा पत्रप्रपंच.

यूट्यूबवर जाहिरातींचे उत्पन्न सुरू व्हायला १००० सबस्क्राइबर लागतात, पण तेवढ्यावर भागत नाही. गेल्या १२ महिन्यांत तुमचे सार्वजनिक व्हिडिओ ४००० तास पाहिले गेलेले असावे लागतात. (९० दिवसांत शॉर्ट्सना, म्हणजे छोट्या उभ्या व्हिडिओंना, १ कोटी व्ह्यूज हा दुसरा मार्ग. शॉर्ट्स फीडमध्ये पाहिलेला वेळ या ४००० तासांत धरत नाहीत.) ४००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटे. प्रेक्षक सरासरी ४ मिनिटे थांबला तर ६०,००० व्ह्यूजमध्ये काम होते. ४० सेकंदांत निघून गेला तर ३,६०,००० व्ह्यूज लागतात. विकतचा सबस्क्राइबर तर पाहायलाच येत नाही. शिवाय हे नियमबाह्य आहे. खोटे आकडे यूट्यूब वगळते, चॅनेलही बंद करू शकते. ‘तू माझे चॅनेल सबस्क्राइब कर, मी तुझे करतो’ हाही त्यातलाच प्रकार.

खरा प्रेक्षक काहीतरी अडले म्हणून येतो. जुलै-ऑगस्टमध्ये मराठवाडा-विदर्भात सोयाबीन पिवळे पडू लागले की शेतकरी ‘सोयाबीन पिवळे पडणे उपाय’ असे शोधतो. ‘पिवळा मोझॅक विषाणू व्यवस्थापन’ असे फारसे कुणी टाइप करत नाही. म्हणून शीर्षक असावे: ‘सोयाबीन पिवळे का पडते? मोझॅक की लोहाची कमतरता, पानावरून ओळखा’. ‘शेतकरी बांधवांनो, नक्की पाहा’ या शीर्षकातून ना माणसाला काही कळते, ना यूट्यूबच्या यंत्रणेला. कामाचे शब्द आधी घ्यावेत, कारण मोबाइलवर लांब शीर्षकाचे शेपूट कापले जाते. टॅग भरण्यात वेळ घालवू नये. आणि व्हिडिओ जुलैच्या सुरुवातीलाच तयार हवा. पीक हातचे गेल्यावर तो कुणाच्या उपयोगाचा?

सर्वांत जास्त नुकसान पहिल्या ३० सेकंदांत होते. फिरता लोगो, संगीत, नमस्कार, मग लाइक-शेअरची विनंती. तोवर शेतकरी दुसऱ्या व्हिडिओवर गेलेला असतो. त्याऐवजी पहिल्याच दृश्यात दोन पाने शेजारी-शेजारी धरावीत. एकावर हिरव्या-पिवळ्या वेड्यावाकड्या चट्ट्यांची नक्षी, तो मोझॅक. दुसऱ्या, कोवळ्या पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, ती लोहाची कमतरता. पहिल्यात रोग पसरवणारी पांढरी माशी आवरावी लागते. दुसऱ्यात कीटकनाशक मारून पैसे वाया जातात. एवढे वीस सेकंदांत सांगितले की पुढची माहिती ऐकायला माणूस आपणहून थांबतो. थंबनेलवरही, म्हणजे व्हिडिओ उघडण्याआधी दिसणाऱ्या चित्रावर, हीच दोन पाने आणि ठसठशीत तीन-चार शब्द पुरेत. उजवा खालचा कोपरा मोकळा सोडावा, तिथे व्हिडिओची वेळ दिसते आणि अक्षरे झाकली जातात.

महागडा कॅमेरा घेण्याची घाई नको. चित्र जरा कमी प्रतीचे असले तरी लोक चालवून घेतात, आवाज खरखरला की बंद करतात. शेतात वारा थेट माइकवर आदळतो, मागून संपादनात तो नीट निघत नाही. कॉलरचा साधा माइक हनुवटीखाली वीतभर लावावा, त्यावर केसाळ आवरण चढवावे, वाऱ्याकडे पाठ करून बोलावे. सुरुवातीला दहा सेकंद रेकॉर्ड करून इअरफोनवर ऐकावे, म्हणजे अख्खे चित्रीकरण फुकट जात नाही. पान जवळून दाखवताना अंगाची सावली त्यावर धरली की कडक उन्हातही रंग खरा दिसतो. आणि मोबाइलची लेन्स पुसा!

व्हिडिओ टाकल्यावर दर तासाला व्ह्यूज मोजण्यापेक्षा यूट्यूब स्टुडिओत (चॅनेल सांभाळायच्या अॅपमध्ये) प्रेक्षक किती वेळ टिकले याचा आलेख वाचावा. सुरुवातीलाच कडा कोसळल्यासारखा दिसला तर प्रस्तावना लांबली आहे किंवा शीर्षकात एक आणि आत भलतेच आहे. मधे उंचवटा दिसला तर तो भाग लोक मागे नेऊन पुन्हा पाहतात. पुढच्या व्हिडिओचा विषय तिथेच सापडतो. लांबलेली प्रस्तावना स्टुडिओतल्या एडिटरमधून नंतरही छाटता येते. लिंक, व्ह्यूज, कमेंट जागच्या जागी राहतात.

शिक्षकांसाठी एक सूचना: दहावीच्या गणितावर ‘लहान मुलांसाठी’ अशी खूण करू नका. ती केली की त्या व्हिडिओच्या कमेंट बंद होतात आणि घंटी दाबलेल्यांना सूचनाही जात नाही.

उत्पन्न सुरू झाल्यावर गावाकडे हमखास अडते ते पत्त्यावर. अॅडसेन्समध्ये, म्हणजे जाहिरातींचे पैसे जमा होणाऱ्या गूगलच्या खात्यात, १० डॉलर जमले की पत्त्याच्या पडताळणीचा पिन (गुप्त क्रमांक) टपालाने येतो आणि तो भरल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. पत्त्यात पोस्टाचे गाव आणि पिनकोड अचूक लिहावा, नाव बँक खात्यावर आहे तसेच द्यावे आणि पोस्टमनला आधीच सांगून ठेवावे.

– काही व्हिडिओ संपादक, लातूर