खोली तळमजल्यावरची आहे

प्रिय आई आणि बाबा,

सप्रेम सलाम.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर बाबा "बरं, बघू" म्हणतात, आई माझ्या जेवणाची चौकशी सुरू करते आणि विषय तिथंच मिटतो. म्हणून लिहिते आहे.

आधी मुद्द्याचं. पुढच्या महिन्यात 10 तारखेच्या शनिवारपासून 24 तारखेपर्यंत तुम्ही दोघं सुट्टीवर जाताय. खोली घेतली आहे, पैसे भरले आहेत. चर्चच्या मंडळीच्या सेक्रेटरींनाही कळवलं आहे, की ते दोन रविवार बाबा उपदेश करणार नाहीत आणि आई संडे स्कूल घेणार नाही. हो, तुम्हाला न विचारता. रागवायचं तर रागवा. पण विचारलं असतं तर काय झालं असतं ते आपल्याला पाठ आहे. गेल्या वर्षी विचारलं होतं, त्याच्या आदल्या वर्षीही विचारलं होतं. दर वेळी कोणाची तरी अंत्यविधीची उपासना, कोणाचं तरी लग्न, नाहीतर मुलांची सुट्टीतली बायबल शाळा. बाबा, तुम्हाला चर्चच्या पाळकपदावरून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. नव्या पाळकांनाही हे कोणीतरी एकदा सांगायला हवं होतं.

दुसरी कबुली. मागच्या महिन्यात मी ऑफिसच्या कामासाठी चार दिवस बाहेर होते ना? ऑफिसचं काम नव्हतं. मी तिथं राहून आले. तुम्हाला पाठवायच्या आधी जागा बघायची होती हे खरंच, पण मीही फार थकले होते. आई, तुझा फोन आला तेव्हा मी तळ्याकाठी पाय सोडून बसले होते आणि "मीटिंगमध्ये आहे, नंतर करते" म्हणाले. तेव्हापासून ते मनाला लागून राहिलंय.

जागा साधी आहे. तळ्याच्या काठाला जुनी इमारत, चर्चच्याच लोकांनी चालवलेलं विसावागृह. तुमची खोली तळमजल्यावरची आहे. बाहेर दोनच पायऱ्या, त्यांना कठडा. न्हाणीघरात धरायला दांडा आहे, मी तो ओढून पाहिला, पक्का आहे. कमोड आहे. गादी कडक आहे, दोन्ही बाजूंनी आडवी होऊन बघितली, बाबांच्या कमरेला चालेल. बेडजवळ दिव्याचं बटण आहे, म्हणजे रात्री अंधारात चाचपडायला नको. स्वयंपाकघरात बाबांसाठी कमी मिठाचं करायला सांगितलं आहे. सकाळचा पहिला चहा मात्र साडेसहालाच मिळतो. आई, तुला पाचला लागतो हे माहीत आहे, म्हणून खोलीत किटली ठेवायला लावली आहे. उन्हाळा असला तरी पहाटे तळ्यावरून गार वारा येतो, तेव्हा शाली घ्या. छोटंसं प्रार्थनागृह आहे, दार दिवसभर उघडं असतं. तिथल्या व्यवस्थापकांना मी बाबा पाळक होते हे सांगितलेलं नाही. बाबा, तुम्हीही सांगू नका. आई, लक्ष ठेव.

तिथं पहिल्या रात्री मला झोप लागेना. कारण नसताना तो तंबू आठवला. मी आठ-नऊ वर्षांची असेन. बॅगा भरून दादा आणि मी दारात बसलो होतो आणि बाबांना दवाखान्यात बोलावणं आलं. गाडी चुकली. दादा दोन दिवस बोलला नाही. पण त्या रात्री बाबांनी परत येऊन दोन चादरी दोरीवर टाकल्या, आत कंदील ठेवला आणि म्हणाले, हा गालीलचा समुद्र, चला होडीत बसा. मी बाबांच्या पोटावर डोकं ठेवून झोपले होते. बाबा, मी तेव्हाही रागावले नव्हते आणि आजही रागावलेली नाही. पण तुमच्या पायांना त्या रात्रीही सूज होती आणि आई त्यांना तेल लावत होती, हे मी तंबूतून पाहिलं होतं.

आता तुम्ही बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय काढाल. दर वेळी काढता. प्रेषितांना जेवायलाही सवड नव्हती, म्हणून प्रभू येशू म्हणाला चला, एकांतात थोडा विसावा घ्या, आणि होडी काठाला लागते तर लोक पायी धावत आधीच तिथं हजर. त्याला त्यांचा कळवळा आला आणि विसावा राहून गेला. "पाहा, प्रभूलासुद्धा सुट्टी मिळाली नाही" असं म्हणून तुम्ही चप्पल घालता. पण बाबा, अध्याय तिथं संपत नाही. पाच हजारांचं जेवण झाल्यावर त्याने शिष्यांना होडीत बसवून पुढे धाडलं, लोकांना निरोप दिला आणि एकटा डोंगरावर प्रार्थनेला गेला. काही आजारी तेव्हाही उरले असतील, कोणाचे प्रश्न राहिले असतील. तरी त्याने निरोप दिला. चाळीस वर्षांत तुमच्या तोंडून मी निरोपाच्या त्या ओळीवर एकही उपदेश ऐकलेला नाही.

आई, तुझ्यासाठी दुसरं वचन आणलं आहे. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा पाचवा अध्याय. शब्बाथ दिवशी, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवशी, कोणी काम करायचं नाही याची तिथं यादीच आहे: तू, तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, बाकीची जनावरं, वेशीच्या आतला परका. मी संडे स्कूलमध्ये तुला विचारलं होतं, यात बायकोचं नाव कुठं आहे? सगळी मुलं हसली होती. तू म्हणालीस, ती "तू"मध्येच येते. ठीक आहे. मग त्या "तू"ने विसावा घ्यावा. घरातलं गाढव बसतं आणि तू उभी, असं किती वर्षं चालायचं? आणि प्रभू घरी आला तरी कामातच गुंतलेल्या त्या मार्थेचं नाव स्वतःला लावून सुटू नकोस. मार्थाला लोक उगाच नावं ठेवतात. भाऊ लाजर मेल्यावर उठून वाटेवर प्रभूला भेटायला गेली ती मार्थाच, आणि "तू ख्रिस्त आहेस" हेही तीच म्हणाली. तेव्हा तिच्या हातात भांडी नव्हती.

'निर्गम' या पुस्तकात शब्बाथाचं कारण सृष्टीची निर्मिती आहे. अनुवादात कारण वेगळं आहे: तू मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, गुलाम होतास याची आठवण ठेव, म्हणजे तुझ्या दासदासींनाही तुझ्यासारखाच विसावा मिळेल. हे तळ्याकाठी वाचलं आणि बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही. विसावा ही मेहनतीची बक्षिशी आहे असंच आपल्या घरात मानलं गेलं, आधी काम संपव, मग बस. इथं तर तो न्यायाचा भाग आहे, आणि गुलामाला मालकाइतकाच मिळायचा आहे.

म्हणून जागा निवडायलाही वेळ लागला. आधी एक दुसरी पाहिली होती, जास्त देखणी. तिथं सामान उचलणाऱ्या पोराला सहज विचारलं, सुट्टी कधी असते? तो नुसता हसला. मी खोली घेतली नाही. या विसावागृहात रविवारी स्वयंपाकघर बंद असतं. जेवण शनिवारीच करून ठेवतात, आपण वाढून घ्यायचं, आपली ताटं आपण धुवायची. (आई, फक्त आपली. सगळ्यांची नाही.) आणि आपल्या घरच्या मावशींनाही ते पंधरा दिवस भरपगारी सुट्टी आहे. पैसे मी दिले आहेत. "तुम्ही नाही तर मी निदान घर झाडून ठेवते" असं त्या म्हणतील, त्यांना नको म्हणा.

बाबा, आता जे लिहिते ते कसं लिहू कळत नाही. तुम्ही आयुष्यभर लोकांना दिलं. वेळ, कपडे, औषधं, स्वतःची झोप. त्यात काही कमी होतं असं मी कधीच म्हणणार नाही, मी त्याच घरात वाढले आहे. पण अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात शेतात विसरलेल्या पेंढीचा नियम आहे ना, तो परत वाचा. पेंढी राहिली तर आणायला मागे फिरू नको. ती उपऱ्याची, अनाथाची, विधवेची. तिथं "दे" म्हटलेलं नाही, "राहू दे" म्हटलंय. दिलं की देणारा मोठा होतो, राहू दिलं की घेणारा स्वतःच्या हाताने वेचतो. बायबलमधली ती विधवा रूथ तशीच वेचत होती. तुम्ही शेत कडेपर्यंत कापता, बाबा. गायनाचं, भेटींचं, हिशेबाचं, सगळं. तरुण मुलांना वेचायला काही उरतच नाही, आणि मग आपण म्हणतो, हल्लीची पिढी पुढे येत नाही. त्या दोन रविवारी कोणी चुकेल, गाणं बेसूर होईल. होऊ द्या.

आणि तुमचा लाडका विल्बरफोर्स, गुलामगिरीविरुद्ध लढलेला तो इंग्लंडचा खासदार. गुलामांच्या व्यापाराविरुद्धचा कायदा 1807 साली झाला, गुलामगिरी संपवणारा 1833 साली, त्याच वर्षी तो गेला. हे तुम्हीच शिकवलंत. पण इतकी वर्षं लढताना तो रविवार कामापासून राखून ठेवत असे, हे मला वाचनातून कळलं, तुमच्या उपदेशातून नाही. हे चिडून लिहीत नाहीये. त्या दिवशी व्यासपीठावर तुम्ही कठडा धरलात आणि दोन क्षण शब्द सापडेनात, ते मी शेवटच्या बाकावरून पाहिलं. आत्याच्या वेळी आपण सगळे "थकवा असेल" म्हणत राहिलो होतो.

आता ऐका. बाबा, गोळ्यांची डबी दिवसवार भरून आईच्या पर्समध्ये राहील, तुमच्या खिशात नाही. जायच्या आधी रक्तदाब तपासून आकडा मला कळवा, खरा आकडा. तळ्याकडे उतार आहे, काठी घ्या, तिथं तुम्हाला ओळखणारं कोणी नाही. आई, गुडघ्याचा पट्टा घे, लोकर घे, दुसऱ्या कोणाचं काही शिवायला घेऊ नकोस. फोन दिवसातून एकदा, संध्याकाळी, आणि तो फक्त मला. मंडळीत काही झालंच तर दादा बघणार आहे. हो, दादा. त्याने स्वतः म्हटलं. त्यावर आत्ता काही बोलू नका, नुसतं "बरं" म्हणा.

नाहीच करमलं तर चौथ्या दिवशी मी स्वतः येऊन घेऊन जाईन, शब्द आहे. पण चौथ्या दिवशी. पहिल्या नाही.

गाडी शनिवारी सकाळी साडेसहाला दारात येईल. निळी बॅग मी आदल्या रात्री उघडून बघणार आहे. बाबा, भेटींची वही त्यात सापडली तर ती माझ्याकडे राहील.

तुमची,
छोटी