व्हॅनमध्ये विचारलेलं

पुणे, 9 जून

ती. बाबा आणि ती. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही दोघं येळ्ळूरला नीट पोचलात, आईच्या पायाची सूज उतरली आणि बाबा दुसऱ्याच दिवशी शेताकडं चक्कर मारून आले, हे ताईकडून कळलं. माझ्याशी फोनवर बाबा "बरं आहे"च्या पुढं जाईनात. माझंही फोनवर जमत नाही, म्हणून लिहायला बसलो.

बाबा, मॉरिशसला शेवटून दुसऱ्या दिवशी व्हॅनमध्ये तुम्ही मला विचारलंत, "ही माणसं इथं आली कशी रे?" आणि मी मागं वळूनही न बघता म्हणालो, "मोबाईलात बघा." नऊ माणसांनी ते ऐकलं. आईनं खिडकीकडं तोंड केलं. त्याआधी अर्धा तास परक्याच्या ओसरीवर, पोरांच्या देखत, मी जे बोललो ते इथं लिहायची हिंमत नाही.

तर उत्तर आता देतो. उशीर झालाय, पण तुमच्या शाळेत उशिरा दिलेल्या वहीलाही निम्मे मार्क असायचे.

1835 साली तिथली गुलामी बंद झाली. उसाच्या मळ्यांना हात हवेच होते, म्हणून इंग्रजांनी आदल्या वर्षापासूनच आपल्याकडची माणसं करारावर न्यायला सुरुवात केली होती. त्या कराराचं, म्हणजे अ‍ॅग्रीमेंटचं, लोकांच्या तोंडी झालं गिरमिट. (आपल्याला गिरमिट म्हटलं की चुरमुरे आणि वर कांदा-मिरची आठवते. हे गिरमिट पचायला जड होतं.) 1920 पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसं त्या बेटावर उतरली. बहुतेक कलकत्त्याच्या बंदरातून गेलेली, बिहारकडची. मद्रासहून त्याहून कमी, आणि मुंबईहून आणखी कमी. त्या मुंबईवाल्यांत कोकणातली, रत्नागिरीकडची माणसं होती. ओसरीवर तुम्हाला भेटलेले ते आजोबा त्यांच्याच वंशातले. आणि हे सगळं घडलं ते बेट केवढं, तर आपल्या बेळगाव जिल्ह्याच्या सहाव्या हिश्श्याएवढंही नाही.

उसाच्या शेतात मधोमध काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसत होते, आठवतात? तुम्ही म्हणालात, "एवढी जागा वाया कशाला घालवतात, बांधाला लावायचे की." तेही वाचलं. बेट ज्वालामुखीचं, जमिनीत दगडच दगड. ते मजुरांनी हातानं वेचून रचले, तेव्हा कुठं ऊस लागला. आपण त्या ढिगांसमोर उभं राहून पोरांचे फोटो काढले.

आणि एक कबूल करतो. पोर्ट लुईमध्ये ही माणसं बोटीतून उतरायची तो घाट अजून आहे, आप्रवासी घाट. सोळा पायऱ्या. 2006 पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. तो आपल्या यादीत होता. मीच काढला, कारण पोरांना त्या दिवशी प्राण्यांच्या पार्कात जायचं होतं आणि मला वाटलं, पायऱ्या काय बघायच्या. उतरलेल्या माणसांच्या नोंदींचे जुने कागद मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत जपलेत, तेही घरी आल्यावर समजलं. तुम्ही तिथं दिवसभर बसला असता आणि आम्ही निवांत समुद्रावर गेलो असतो. सगळ्यांचंच भलं झालं असतं.

एक गंमत मात्र तुमच्यासाठी राखून ठेवली होती. तिथल्या नोटेवर इंग्रजीखाली तमिळ आणि हिंदीत रक्कम असते, हे तुम्ही पहिल्याच दिवशी चष्मा वर करून हेरलंत. 1998 साली काढलेल्या नोटांवर हिंदी वर आणि तमिळ खाली गेली. तमिळ लोक खवळले, आणि त्या नोटा मागं घेऊन क्रम बदलून पुन्हा छापाव्या लागल्या. 86 च्या कन्नडसक्तीविरुद्धच्या मोर्चात लाठी खाल्लेल्या माणसाला हे समुद्रापलीकडचं वाचून बरं वाटेल असं वाटलं. इतक्या लांब जाऊनही बोर्डावर कुठली अक्षरं वर, हा वाद काही सुटला नाही.

आता त्या दिवसाचं. धाकटीला सूसू लागली म्हणून पाच मिनिटं गाडी थांबवली, आणि मोजली तर माणसं आठ. तुमच्या दोघांच्या फोनला तिथलं सिमकार्ड घेतलं नव्हतं, "आपण एकत्रच असणार की" म्हणून. ती अक्कल माझी. एका बाजूला पुरुषभर उंचीचा ऊस, दुसऱ्या बाजूला समुद्र. सकाळची बीपीची गोळी तुम्ही घेतली होती की नाही, हे आईला आठवेना. मी समुद्राकडं पळालो, ताई उसाकडं. ती चाळीस मिनिटं अजूनही रात्री मला उठवतात.

आणि तुम्ही कुठं? रस्त्यापासून दोन घरं आत, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, हातात चहा. समोर तुमच्याहून दहा वर्षांनी म्हातारे एक आजोबा. सुनेशी ते क्रिओल, म्हणजे तिथली बोली, बोलत होते, तुमच्याशी मोडकी हिंदी. मराठी म्हणून त्यांच्याजवळ चार-दोन शब्द, आणि गणपतीची आरती तेवढी सबंध. सबंध म्हणजे तिसऱ्या कडव्याला अडकत होते, तिथं तुम्ही टाळ्यांनी ताल धरून शब्द पुरवत होता. तुमचा आवाज इतका मोकळा मी किती वर्षांत ऐकला नव्हता. तो ऐकून मला हायसं वाटलं, आणि तोंडातून निघालं भलतंच. त्यांच्या सुनेनं माझ्यापुढंही चहाचा कप धरला होता, तो मी घेतला नाही. चुकलो, बाबा.

तिथं गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, हे त्यांनी तुम्हाला दोनदा सांगितलं म्हणे. व्हॅनमध्ये तुम्ही आम्हाला तेच सांगत होता आणि मी ड्रायव्हरला एसी वाढवायला सांगत होतो.

आई, तू फार थकलीस हे मला दिसत होतं, पण तुझे दोन फोटो माझ्या टेबलावर लावलेत. एकात तू पातळ नेसून कमरेएवढ्या पाण्यात बसली आहेस आणि नातीला म्हणतेस, "लाटा कुठं गेल्या गं?" लांब जी पांढरी रेघ दिसत होती ना, ती प्रवाळाची भिंत. लाटा तिथंच फुटतात, म्हणून किनाऱ्याशी पाणी टाकीतल्यासारखं. मालवणला घोटाभर पाण्यातून पळून आलेली तू, इथून तुला उठवायला दोघं लागले. दुसरा फोटो डालपुरीच्या गाड्यावरचा. जोडीनं मिळणाऱ्या त्या मऊ पुऱ्या, आत वाटलेली डाळ, वर टोमॅटोचा रस्सा. एक घास खाऊन तू म्हणालीस, "पुरणपोळीच आहे, गूळ घालायला विसरलेत." आणि चार खाल्ल्यास. तिथलं घड्याळ आपल्या दीड तास मागं, तरी तू येळ्ळूरच्याच वेळेला, म्हणजे तिथल्या पहाटे चारला उठून सगळ्यांचा चहा करायचीस. हॉटेलात किटली होती म्हणून. नसती तर काय केलं असतंस देव जाणे.

ट्रिप बेळगाव ते मुंबई बस धरून खर्चिक झाली, हे बाबा ताईला म्हणाले ते कळलं. हिशेब मला विचारू नका, हप्ता माझा चालू आहे.

काम एकच. बाबांनी त्या आजोबांना मोठ्या अक्षरातलं आरत्यांचं पुस्तक पाठवायचा शब्द दिलाय, हे मला आईकडून कळलं. माझ्यासमोर ते बोलले नसते. पुस्तक मी इथून घेतो, सोबत पोरांच्या शाळेचं बालवाचनही टाकतो, त्यांच्या नातवाला चालेल. पत्ता त्यांच्या सुनेनं डालपुरीच्या कागदावर लिहून दिला होता आणि तो आईच्या पर्समध्ये, गोळ्यांच्या पाकिटामागं आहे. कागद तेलकट आहे, अक्षरं फुटायच्या आत त्याचा फोटो काढून पाठवा. ताईला सांगितलं तर ती काढून देईल, पण बाबा, तुम्हीच काढा. खालचं गोल बटण दाबायचं.

तुमचा,
बाळू