विषय: इंजिन दमदार, टायर बारीक आणि वर वॉरंटीची धमकी

प्रति,
कस्टमर केअर मॅनेजर साहेब / मॅडम,

नमस्कार. फोनवर दरवेळी नवीन माणूस येतो आणि पहिल्यापासून सगळं सांगायला लावतो म्हणून आता लिहूनच पाठवतोय, कृपया शेवटपर्यंत वाचा आणि मग ते तुमचं तयार उत्तर पाठवा.

माझ्याकडे तुमची टर्बो पेट्रोल गाडी आहे, मधलं व्हेरियंट, मॅन्युअल. इंजिनबद्दल एक शब्द वाईट बोलणार नाही, १२५ पीएस (म्हणजे जवळजवळ तेवढीच हॉर्सपॉवर) आणि २०० एनएम टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, आणि टर्बोमुळे तो टॉर्क खाली १७०० आरपीएमलाच सगळाच्या सगळा हजर. पण या इंजिनाखाली तुम्ही टायर दिलेत १८५/६५ आर १५, म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर आणि रिम १५ इंची, तेही मायलेजवाल्या कडक रबराचे. हेच इंजिन, हाच गिअरबॉक्स तुमच्या टॉप व्हेरियंटला आहे आणि त्याला २०५/५५ आर १६. म्हणजे पैलवान तोच, पण आमच्या पैलवानाच्या पायात पोराची स्लीपर. ब्रोशरवर फोटो अर्थातच टॉपचा, आणि आमच्या व्हेरियंटच्या रकान्यात नुसतं '१५ इंच स्टील व्हील' लिहिलंय, रुंदी कुठेच नाही.

मी कराडचा, सासुरवाडी चिपळूण, त्यामुळे कुंभार्ली घाट नेहमीचाच. यंदाच्या पावसात काय होतंय सांगतो. हेळवाकवरून खाली पोफळीला उतरताना वळणावर स्टिअरिंग फिरवलं तरी गाडीचं नाक सरळच जायला बघतं, आणि मी काही रेस लावत नाही हो, मागे बायको आणि सासूबाई असतात. येताना उलटा प्रकार, चढाला वजन जातं मागच्या चाकांवर आणि ओढायचं काम पुढच्या, त्यामुळे सेकंड गिअरला ट्रक ओव्हरटेक करायला जरा पाय दिला की पुढची चाकं जागेवर फिरतात, ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा लुकलुकतो आणि तो इंजिनची ताकदच कापून टाकतो. हे सगळं ट्रकच्या बरोब्बर बाजूला असताना. समोरून एसटी आली तर माणसानं काय करायचं?

सर्व्हिसला दाखवलं, अलाइनमेंट केलं, टायरची हवा दाराच्या स्टिकरप्रमाणे केली, नक्षी भरपूर शिल्लक आहे म्हणाले, आणि जॉबकार्डवर 'नॉर्मल' असं लिहून दिलं. वर तिथले मॅनेजर म्हणतात, घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून नसतं, शाळेत शिकला नाहीत का. शिकलोय की! पण तो नियम लाकडाच्या ठोकळ्याचा आहे. रबरावर भार वाढवला की पकड वाढते पण त्या प्रमाणात वाढत नाही, मागे पडत जाते, म्हणून तोच भार जास्त रबरावर पसरला तर पकड जास्त मिळते. हवा तेवढीच असेल तर रस्त्याला टेकलेला भाग दोन्ही टायरचा साधारण सारखाच असतो हेही मला मान्य, पण बारीक टायरचा तो भाग लांबट असतो आणि रुंद टायरचा आडवा, आणि वळणावर आडवा जास्त कामाला येतो, बारीक टायर तेवढंच वळण घ्यायला जास्त पिळवटतो. शिवाय मायलेजसाठीचं कडक रबर ओल्या रस्त्याला कमीच धरतं, मला तर निम्मा दोष त्या रबराचाच वाटतो.

मग ते म्हणाले टोयोटाची जीटी ८६ बघा, २०० हॉर्सपॉवर आणि टायर त्यांच्याच मायलेजवाल्या हायब्रिड प्रियसचे. अहो ती मागच्या चाकांवर चालणारी, जमिनीला चिकटलेली स्पोर्ट्स कार, ती हळू स्पीडलाही थोडी सरकावी म्हणून मुद्दाम तसे टायर दिले होते, घेणारा तेवढ्यासाठीच घेतो. आणि तरीही ते टायर २१५ चे होते, माझ्यापेक्षा रुंदच! बीएमडब्ल्यूच्या इलेक्ट्रिक आय ३ ला तर पुढे १५५ चे टायर होते, पण रिम १९ इंची, म्हणजे चाक उंच करून रस्त्याला टेकणारा भाग लांबवला, आणि ओढायचं काम मागच्या चाकांना दिलं. त्यांनी बारीक टायर धरून बाकीची गाडी त्याला जुळवली. तुम्ही काय जुळवलं? फक्त खर्च आणि मायलेजचा आकडा.

हेही कबूल करतो की साचलेल्या पाण्यात बारीक टायर पाणी चांगलं कापतो आणि रुंद टायर लवकर तरंगायला लागतो. म्हणून मी काय २३५ चे टायर आणि अलॉय घालून मिरवायला मागत नाहीये, ती हौस करायचं माझं वय गेलं. मला तुमच्याच टॉप व्हेरियंटची, तुम्हीच पास करून घेतलेली साईज पाहिजे, बस. चाकाच्या उंचीत दोन टक्क्यांचाही फरक पडत नाही, स्पीडोमीटर जेमतेम हलेल.

पण हे बोललो की तुमच्याकडून एकच रेकॉर्ड वाजते, साईज बदलली तर सस्पेन्शन आणि स्टिअरिंगची वॉरंटी जाईल, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येईल. कलम ५२ मीही वाचलंय, कंपनीने ठरवलेल्या गोष्टीपेक्षा वेगळा बदल करू नका असं त्यात आहे, मग कंपनीनेच जी साईज याच मॉडेलला दिली ती चालते असं कंपनीनेच लिहून द्यायला अडचण काय आहे? टॉपचं सस्पेन्शन वेगळं आहे म्हणता तर कुठला पार्ट वेगळा ते सांगा, तुमच्याच पार्ट्स काउंटरवर विचारलं तर लोअर आर्म आणि शॉकॲब्सॉर्बर दोन्हीचा नंबर एकच निघाला.

माझं मागणं असं आहे. टॉपवाली १६ इंची चाकं, रिम आणि टायर दोन्ही, माझ्या गाडीला कंपनीच्या वर्कशॉपमध्ये बसवून द्या, जुनी चाकं परत घ्या, वरचा फरक मी भरतो, फुकट काही नको. आणि वॉरंटी चालू राहील हे लेटरहेडवर द्या. ते जमत नसेल तर निदान याच साईजमध्ये ओल्या रस्त्याला बरी पकड असलेला टायर कुठला चालेल ते लेखी कळवा, तो मी माझ्या पैशाने घेतो. आणि ब्रोशरमध्ये प्रत्येक व्हेरियंटसमोर टायरची पूर्ण साईज छापा, एवढं तर फुकटात होतं.

उत्तर ईमेलवर पाहिजे, फोन नको, फोनवर बोललेलं नंतर कुणालाच आठवत नाही. पंधरा दिवस वाट बघतो, नाहीतर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवणार आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोग. गाडीचे पेपर, दोन्ही जॉबकार्ड आणि टायरचे फोटो सोबत जोडलेत.

आपला,
एक ग्राहक, कराड

ता.क. सर्व्हिस ॲडव्हायझर पोरगा चांगला आहे, माझ्याबरोबर पावसात ट्रायलला आला आणि चाकं फिरताना त्याने स्वतः बघितली. 'नॉर्मल' त्याने वरच्यांच्या सांगण्यावरून लिहिलंय, या पत्रावरून त्याला झापू नका.