पाण्याची बंदूक निवडताना: मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. येत्या सुट्टीत मुलांना परसात पाण्याने मनसोक्त खेळू द्यायचे तू ठरवले आहेस, हे वाचून फार आनंद झाला. खोक्यांवर छापलेल्या पल्ल्यांची तुलना करून कोणती पाण्याची बंदूक घ्यावी, असे तू विचारले आहेस, म्हणून माझे मत आधीच सांगून टाकतो: पल्ल्याकडे पाहून बंदूक घेऊ नकोस. परसातली लढाई धावतपळत, झाडाआडून आणि भिंतीआडून, मोजक्या पावलांच्या अंतरावर होते. तिथे बारा मीटरपर्यंत धार जाण्यापेक्षा रिकामी झालेली बंदूक पुन्हा किती चटकन भरता येते याला जास्त महत्त्व असते. ज्याला टाकीचे झाकण फिरवून काढावे लागते, मग बारीक तोंडातून पाणी ओतत बसावे लागते आणि पुन्हा ते झाकण घट्ट लावावे लागते, तो मुलगा खेळाचा निम्मा वेळ नळापाशीच उभा असतो.

वजनाचा विचार तर फार कमी लोक करतात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, त्यामुळे दोन लिटरची टाकी असलेली बंदूक भरल्यावर दोन किलोंहून जड होणार, आणि ती हातात धरून सहा-सात वर्षांच्या मुलाने पळायचे म्हणजे त्याचा दंड लवकरच भरून येणार. लहानांसाठी अर्धा ते पाऊण लिटरची टाकी पुष्कळ झाली. मोठ्या मुलांसाठी मोठी घेतलीस तर तिला खांद्यावर अडकवायचा पट्टा आहे ना, हे पाहा.

आता प्रकारांविषयी. चाप ओढला की थोडेसे पाणी उडवणारे साधे पिस्तूल तुला ठाऊकच आहे. अगदी लहान मुलांना ते बरे, पण त्यात दाब साठत नसल्याने प्रत्येक वेळी पाणी उडवायला बोटालाच कष्ट करावे लागतात. मला सर्वांत आवडते ती दट्ट्याची लांब पिचकारी. तिला टाकी नाही, झडपांचा गुंता नाही. तोंड बादलीत बुडवायचे, दांडा मागे ओढायचा, की नळी भरली, आणि दांडा पुढे लोटला की हाताच्या जोराइतकी जोरदार धार निघाली. घेताना दांडा संथपणे ओढून पाहा. आतली रबरी रिंग नळीला सगळीकडून सारखी चिकटून सरकत असेल तर दांड्याला एकसारखा विरोध जाणवतो. तो मध्येच सैल पडला तर पाणी दट्ट्याच्या मागे उतरून कोपरावर गळत राहील. तोंडावर बोट धरून दांडा ओढला आणि सोडल्यावर तो आपोआप पुढे सरकला, तर रिंग चांगली आहे असे खुशाल समज.

तुझ्या पत्रात उल्लेख असलेल्या मोठ्या बंदुका हवेच्या दाबावर चालतात. त्यांचा इतिहास मोठा सुरेख आहे. लॉनी जॉन्सन हे अमेरिकी अभियंते १९८२ साली घरी उष्णता वाहून नेणाऱ्या पंपावर प्रयोग करत होते. त्यांना त्यात रासायनिक वायूऐवजी पाणी वापरायचे होते. न्हाणीघरातल्या बेसिनला जोडलेल्या नोझलमधून पाण्याची जोरदार धार सुटली आणि तिच्यातच त्यांना खेळणे दिसले. तेच खेळणे १९९० साली ‘पॉवर ड्रेंचर’ म्हणून बाजारात आले आणि पुढच्याच वर्षी ‘सुपर सोकर’ या नावाने सर्वदूर गेले. नासाच्या गॅलिलिओ मोहिमेवर काम केलेल्या माणसाने मुलांच्या खेळाकडेही तितक्याच गांभीर्याने पाहिले, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

या बंदुकीत पंपाने हवा दाबली जाते आणि चाप ओढून झडप उघडली की तीच हवा पाण्याला बाहेर ढकलते. पाणी संपत जाते तशी हवेला जागा मिळते. ती जागा दुप्पट झाली की हवेचा एकूण दाब निम्म्यावर येतो, म्हणून पहिली धार लांब जाते आणि पुढची हळूहळू पायाशी पडू लागते. ज्या बंदुकीत टाकीतच हवा भरली जाते ती काठोकाठ भरू नये, हे याचमुळे. वरचा साधारण तिसरा हिस्सा रिकामा ठेवला तर दाबायला पुरेशी हवा राहते. मुलांना हे एकदा दाखवून दे. टाकी काठोकाठ भरून आणि थोडी रिकामी ठेवून उडवायला सांग, फरक त्यांचा त्यांनाच कळेल. ठरावीक झटक्यांनंतर पंप जड लागू लागला की थांबायचे, हेही सांग, कारण दाब दुप्पट केला तरी धारेचा वेग सुमारे १.४ पटच वाढतो आणि जोडांवरचा ताण मात्र पुरता दुप्पट होतो. हवेऐवजी रबरी पिशवी ताणून पाणी साठवणाऱ्या बंदुकाही १९९६ पासून आल्या. त्यांची धार शेवटपर्यंत बऱ्यापैकी एकसारखी राहते, पण त्यांचा जोर मोठ्या मुलांनाच झेपणारा आहे. बॅटरीवर चालणाऱ्या बंदुकांविषयी मला फारसे प्रेम नाही. त्या घेतल्यासच तर बॅटरीच्या झाकणाची रबरी कड नीट बसते का ते पाहा आणि चार्जिंग पूर्ण वाळल्यावरच कर.

नोझलकडे मात्र जरूर लक्ष दे. भोकाचा व्यास दुप्पट झाला की त्यातून चौपट पाणी जाते. बारीक धार पाणी पुरवून वापरते, पण हवेत लवकर फुटून तिचे थेंब होतात आणि वारा ते सहज वळवतो. जाड धार अखंड राहून लांब पोचते आणि तितक्याच झपाट्याने टाकी रिकामी करते. फिरवून जाडी बदलता येणारे नोझल मिळाले तर उत्तम. लांब मारायचे असेल तेव्हा नळी आडवी न धरता बरीच वर उचलायला शिकव.

खेळायचे नियम थोडेच ठेव, पण ते पक्के असू देत. चेहऱ्यावर नेम धरायचा नाही, आणि दाबाच्या बंदुकीने जवळून तर मुळीच नाही. डोळ्यावर बसलेली जोराची धार खरोखर इजा करते, म्हणून पोहण्याचे चष्मे घातलेले बरे. टाकीत फक्त स्वच्छ गार पाणी. साबण, रंग, गरम पाणी काही नको. ओली फरशी निसरडी होते, तेव्हा लढाई गवतावर किंवा मातीवरच ठेव. भडक रंगाची, अर्धपारदर्शक बंदूक घे. दुरून खऱ्या शस्त्रासारखी दिसणारी काळी बंदूक मुलाच्या हाती देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. पाण्याच्या दोन-तीन भरलेल्या बादल्या परसाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांत ठेवल्यास तर नळाशी गर्दी होत नाही, आणि बादली भरणाऱ्यावर पाणी उडवायचे नाही हा नियम लहानांना फार आवडतो.

खेळ संपल्यावर आधी दाब सोडायचा, मग टाकी उपडी करून उरलेले पाणी काढायचे, चाप ओढून नळीतलेही काढायचे आणि झाकण उघडे ठेवून सावलीत वाळू द्यायचे. साठून राहिलेल्या पाण्यात बुरशी धरते आणि पुढच्या वेळी तेच पाणी मुलांच्या तोंडावर उडते. उन्हात पडून राहिलेले प्लॅस्टिक ठिसूळ होते. दट्ट्या कोरडा पडून करकरू लागला तर सिलिकॉनच्या वंगणाचा एक थेंब पुरतो. पेट्रोलियमपासून केलेले वंगण काही प्रकारच्या रबराला फुगवते, ते टाळ.

माझा सल्ला विचारशील तर लहान दोघांना दट्ट्याच्या पिचकाऱ्या, थोरलीला मध्यम टाकीची हवेच्या दाबाची बंदूक, आणि तुझ्यासाठीही एक घे, कारण वडील नुसते कडेला उभे राहिले तर मुलांना लढाई लढल्यासारखी वाटत नाही. थोरलीला पंपाचा दांडा पूर्ण मागे ओढता येतो का, हे दुकानातच तिच्या हाती देऊन पाहा आणि काय ठरले ते कळव.

वहिनींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझा स्नेहांकित मित्र